माझ्यावर कुणाचं काही?

मामा,

तुम्ही गेल्यापासून लोक मला धीर देत आहेत. मी तो घेतो, कारण दुःखाला धीर चालतो. भीतीला काय चालतं ते मला ठाऊक नाही. घरासमोर अनोळखी गाडी थांबली की मी खिडकीचा पडदा बाजूला करून पाहतो. फोन वाजला की बायकोला उचलायला सांगतो. वर्गात शिकवताना मधेच गप्प होतो, तेव्हा पोरांना वाटतं, सरांना मामांची आठवण झाली. आठवण असतेच. पण त्या वेळी माझ्या डोळ्यांपुढं तुमचा मुलगा शिवा असतो. दूरच्या कुठल्या तरी देशात, भरलेल्या कोर्टात उभा राहून, एका माणसाकडं बोट करून ‘हाच तो’ म्हणणारा.

शिवानं तिथं साक्ष द्यायला जावं की जाऊ नये, हे तुम्ही सांगणार होतात. ‘पोळ्यानंतर सांगतो,’ म्हणालात. पोळा यायच्या आतच गोठ्यासमोरच्या बाजेवर बसल्या बसल्या गेलात. मामी म्हणते, तिला वाटलं डोळा लागला, म्हणून तिनं कोंबड्यासुद्धा हाकलल्या, आवाज नको म्हणून.

आता शिवा माझ्याकडं बघतो. ‘दादा, तूच सांग. तू शिकलेला हाय.’ मामा, शिकल्याचा इतका धाक मला कुठल्या परीक्षेतही वाटला नव्हता.

आणि मला शिकवलं तर तुम्हीच. माझे वडील गेले तेव्हा तुम्ही आईला आणि मला राजूरजवळच्या आपल्या वाडीवर घेऊन आलात. मी मेंढरांमागं हिंडायचो आणि त्यातच सुखी होतो. एके दिवशी तुम्ही मला शाळेत नेऊन उभं केलंत. गुरुजी म्हणाले, ‘वय वाढलंय की हो याचं.’ तुम्ही म्हणालात, ‘वाढलंय तर जल्दी शिकवा.’

पुढं जालन्यात, मस्तगडला एका खोलीत राहून मी कॉलेज केलं. आपल्या घरातला पहिला. बाजारच्या दिवशी तुम्ही भाकरी घेऊन यायचात, पायरीवर बसायचात, आणि त्या आठवड्यात मी काय शिकलो ते तुम्हाला सांगावं लागायचं. एकदा मी मोठ्या उत्साहानं दुसऱ्या महायुद्धानंतरचे खटले सांगितले होते. म्हटलं, मामा, जगात आजवर असं झालं नव्हतं. लढाईत केलेल्या पापांचा कोर्टात जाब विचारला, मोठमोठ्या लोकांना फाशी दिलं.

तुम्ही चटणीचं बोट चाटलंत. ‘जाब इचारला कुनी?’

‘जिंकलेल्या देशांनी.’

‘जिंकलेल्यांनी काई पाप केलं नव्हतं का?’

‘केलं होतं. वस्त्यांवर बॉम्ब टाकले होते. बाया-पोरं मेली.’

‘मंग बसायच्या आधी त्यांना कुनी इचारलं न्हाई व्हय?’

मी हसलो होतो. तुमची घोंगडी तुम्ही साऱ्या जगाला अंथरायला निघाला होतात. आज हसू येत नाही.

हे पत्र पुढं कधी कुणी वाचलं तर त्याला आपली रीत माहीत नसेल, म्हणून लिहितो. आपल्या वाडीवर तंटा पुढं आला की देवळासमोर घोंगडी अंथरतात. ज्याला पंच म्हणून बसायचं आहे, तो पायताण काढतो, कपाळाला खंडोबाचा भंडारा लावतो आणि घोंगडीच्या काठाशी उभा राहून जमलेल्यांना विचारतो, ‘माझ्यावर कुनाचं काई हाय का?’ कुणीही बोलावं. बाईनं बोलावं, गड्यानं बोलावं, ज्याच्यावर आळ आहे त्यानंही बोलावं. जे बोललं गेलं ते खरं असेल तर पंचानं ‘हाय’ म्हणायचं आणि मागं जाऊन माणसांत बसायचं. त्या दिवशी त्याचा न्याय चालत नाही. इतर गावांत मी हे पाहिलं नाही. कॉलेजात मित्रांना मी मोठ्या अभिमानानं सांगायचो, की आमच्या मेंढपाळांनी जे ओळखलं ते मोठ्या राष्ट्रांना अजून कळलेलं नाही.

तो अभिमान सालूच्या वेळेपर्यंत टिकला.

सालू केरबाची सून. केरबा तिला मारायचा, हे साऱ्या वाडीला माहीत होतं. त्या वेळी त्यानं असं मारलं की तिचा एक कान बहिरा झाला. तिचा बाप भोकरदनकडून चालत आला. पोलिसांत जायला तो भीत होता. ‘घोंगडी आंथरा,’ एवढंच म्हणत होता. मी बी.ए.च्या शेवटच्या वर्षाला होतो, सुट्टीला आलो होतो आणि लिंबाखाली उभा होतो. तुम्ही काठाशी उभे राहिलात. विचारलंत. आणि केरबाच उठला.

‘माझं हाय,’ तो म्हणाला. ‘तुमी तुमच्या बायकोला कासऱ्यानं हाणलं व्हतं का न्हाई? बैल सोडून तिला हाणलं. ह्या समद्या लोकांनी पाह्यलं. का खोटं बोलून राह्यलो मी?’

तुमचा हात कपाळाच्या भंडाऱ्याकडं गेला.

‘हाय,’ तुम्ही म्हणालात. आणि पायताण हातात घेऊन मागं येऊन माझ्या शेजारी बसलात.

दुसरा कुणी उठला नाही. आपल्याला काय विचारलं जाईल हे ज्याचं त्याला माहीत होतं. घोंगडी रिकामी राहिली, मग कुणीतरी ती झटकून घडी घातली. सालूच्या बापानं साऱ्यांच्या पाया पडून पाहिलं. ‘समजुतीनं घ्या,’ लोक म्हणाले, आणि सालू केरबाच्या घरी परत गेली. पुढच्या उन्हाळ्यात ती जळून मेली. स्टोव्हचा भडका उडाला, असं सांगितलं. केरबाच्या घरात स्टोव्ह नव्हता, चूल होती.

आपलं भांडण तेव्हापासूनचं. मी म्हणालो होतो, ‘मामा, तुम्ही न्हाई म्हणायला पाहिजे होतं. एक खोटं बोलला असता तर ती जगली असती.’

‘मंग घोंगडी कामून आंथरायची? काठीच घेऊन बसावं ना.’

‘पण सालू मेली.’

‘व्हय,’ तुम्ही म्हणालात. ‘मेली.’

आणि चारा तोडायला गेलात. त्यानंतर तुम्ही कधी घोंगडीवर बसला नाहीत. लोक बोलवायला यायचे, तुम्ही त्यांना चहा पाजून परत पाठवायचात. मला नोकरी लागली, लग्न झालं, मी पोरांना इतिहास शिकवू लागलो, तरी दर दिवाळीला कुठल्या ना कुठल्या निमित्तानं आपण तिथंच येऊन थांबायचो. ज्याचे हात मळलेले आहेत त्यानं न्याय करू नये, हे तुमचं. सगळ्यांचेच हात मळलेले असतात, मग मेलेल्यांनी कुणाकडं पाहायचं, हे माझं.

तुम्ही इतके घट्ट का होतात, ते एकदाच बोललात. निजामाचं राज्य गेलं तेव्हा तुम्ही लहान होतात. ज्यांनी छळ केला ते आधीच पळून गेले होते. मग लोकांचा राग जो सापडला त्याच्यावर निघाला. शेजारी कापडं रंगवणारं एक घर होतं, त्यातला चाँद तुमच्या बरोबरीचा. त्याच्या बापानं कुणाचं काही केलं नव्हतं. त्याला घरातून ओढत नेलं. ‘त्या दिवशी न्याव करायला समदं गाव पुढं आल्तं,’ तुम्ही म्हणालात. ‘माझ्यावर कुनाचं काई, असं एकानं इचारलं न्हाई.’ चाँद पुन्हा दिसला का, असं मी विचारलं. तुम्ही मान हलवलीत, आणि ती कोणत्या बाजूला हलली ते मला आजही सांगता येणार नाही.

मग शिवाचं आलं.

शिवा फौजेत गेला, गाडी चालवायला लागला, आणि वाडीला पेढे वाटले ते तुम्हीच. त्याची पलटण शांतता राखायला आफ्रिकेतल्या एका देशात गेली. तुम्हाला त्या देशाचं नाव कधी उच्चारता आलं नाही, तुम्ही ‘तिकडचा मुलूख’ म्हणायचात. मीही इथं तेवढंच म्हणतो. आता नाव लिहायलाही मी भितो.

तिकडून आलेला शिवा चांगला होता. हसायचा, खायचा, मोसंबीच्या बागेत राबायचा. फक्त ट्रकचा मागचा फाळका लावायचा नाही. माल भरून झाला की बाजूला व्हायचा, दुसऱ्यानं फाळका वर करून खिट्टी अडकवावी लागायची. लोक थट्टा करायचे. ‘साहेब झाला शिवा, खिट्टी लावायला नोकर लागून राह्यला.’ तोही हसायचा. तुम्ही हसत नव्हता, हे मी पाहिलं होतं.

बऱ्याच वर्षांनी, अंगणात शेंगा फोडता फोडता त्यानं आपल्याला सांगितलं. एक दवाखाना होता. भोवतालच्या गावांतली माणसं जीव वाचवायला त्याच्या आवारात येऊन बसली होती, कारण फाटकावर शिवाची पलटण होती. वरून हुकूम आला की दवाखान्यातल्या परदेशी लोकांना घेऊन फाटक सोडा. फक्त त्यांना. शिवाच्या ट्रकमध्ये जागा होती. एक बाई लेकरू डोक्याच्या वर धरून ट्रकमागं उभी होती. ती काही ओरडत नव्हती, नुसती लेकरू वर करत होती. शिवानं फाळका लावला. फाटकाबाहेर तिथल्या टोळीचा म्होरक्या उभा होता. त्यानं आपली माणसं बाजूला घेऊन गाडीला वाट दिली, शिवाकडं पाहून हसला आणि सलाम केला. गाड्या पुन्हा तिथं गेल्या तेव्हा आवारात कुणी जिवंत नव्हतं.

‘त्याचं तोंड मला पाठ हाय,’ शिवा म्हणाला. ‘बाईचं न्हाई आठवत. त्याचं आठवतं.’

तो म्होरक्या सापडला. त्याच्यावर खटला उभा राहिला, आणि त्या फाटकावर तो स्वतः उभा होता हे सांगणारी माणसं फार उरली नव्हती. म्हणून त्या कोर्टासाठी साक्षीदार शोधणारी एक बाई आपल्या वाडीवर आली. गोरी, उंच, पायात धुळीनं भरलेले बूट, सोबत दिल्लीचा एक दुभाष्या. मला तो दिवस आठवला की भीतीतही हसू येतं. मामीनं चहा दिला. बाईनं घोट घेतला आणि डोळे मोठे केले.

‘साखर जास्त झाली का इचार तिला,’ मामी दुभाष्याला म्हणाली. ‘आन लेकरं किती हायत ते बी इचार.’

‘एक मुलगी आहे म्हणतात.’

‘मंग तिला कुनाकडं ठिवून आली?’

‘तिच्या वडिलांकडं.’

मामी तुमच्याकडं वळली. ‘ऐकलं का? तिकडं बाप सांभाळत्यात.’

‘तिकडं बापाला मेंढरं न्हाईत,’ तुम्ही म्हणालात.

दुभाष्यानं तेही सांगितलं. बाई मोठ्यानं हसली, आणि ते हसू ओसरायच्या आत तुम्ही तुमचा प्रश्न टाकलात. शांतपणे, जणू वाट विचारत होतात.

‘इचारा तिला, तिच्या मुलकावर कुनाचं काई हाय का?’

दुभाष्या अडखळला. मी इंग्रजीत नीट मांडून सांगितलं. बाईनं कप खाली ठेवला. ती म्हणाली, ‘पुष्कळांचं पुष्कळ आहे. तिथं चाललेली हत्यारं कुठून आली तेही मला माहीत आहे. त्याचा जाब विचारणारं न्यायालय अजून कुणी उभं केलेलं नाही.’

‘मंग तुमी कामून बसून राह्यल्या?’

‘मी बसले नाही, तर त्या आवारातल्या लोकांसाठी कोण बसेल?’

मामा, हे माझंच वाक्य होतं. इतकी वर्षं मी तुम्हाला तेच सांगत होतो, आणि तुमच्याकडं दर वेळी उत्तर असायचं. त्या दिवशी मात्र तुम्ही शेंगांची टरफलं गोळा करत राहिलात.

निघताना तिनं दोन गोष्टी सांगितल्या. एक अशी, की आरोपीची माणसं बाहेर मोकळी आहेत, त्यामुळं या साक्षीविषयी चारचौघांत बोलू नका. दुसरी अशी, की आरोपीचा वकील शिवाला फाळक्याबद्दल विचारणार. ‘तुम्ही स्वतः त्यांना तिथं सोडून आलात ना, असं विचारेल. तयारी ठेवा.’ शिवा अंगणाच्या कडेला उभा होता. त्याचा चेहरा पाहून मला लिंबाखालचे तुम्ही आठवलात.

त्यानंतर शिवाच्या घरी फोन आले. घेतला की पलीकडून कुणी बोलत नाही. लाइनचा दोष असेल. शिवाची बायको म्हणते, श्वास ऐकू येतो. पोरांना शाळेत सोडायला आता ती स्वतः जाते.

तुमच्याशी शेवटचं बोलणं मी मनात पुन्हा पुन्हा करून पाहतो. तुम्ही कपाशीला पाणी देत होतात, मी बांधावर उभा होतो. मी म्हणालो, ‘मामा, जाऊ द्या त्याला.’

‘कुनापुढं जाऊ द्यायचं? ज्यांनी हत्यारं इकली, त्यांच्याच मुलकातले पंच. त्या इराकवर चालून गेले तवा घोंगडीच्या काठाशी उभं राह्यलं का कुनी? रेडिओवर रोज ऐकून राह्यलो मी. लहान मुलकाचा मानूस धरायचा आन त्याला उभा करायचा. मोठ्याला कोन उभा करतं?’

‘कुणी नाही,’ मी म्हणालो. ‘तुमचं बरोबर आहे. म्हणून ह्यालाही सोडायचं का?’

‘तू सालूचं बोलून राह्यला.’

‘हो.’

तुम्ही फावडं रोवून त्यावर रेललात. पाणी वाफ्याबाहेर चाललं होतं आणि तुमचं लक्ष नव्हतं, असं मी कधी पाहिलं नव्हतं.

‘मी बी तिचंच बोलून राह्यलो,’ तुम्ही म्हणालात. ‘पोळ्यानंतर सांगतो.’

काय सांगणार होतात? मला राग येतो तुमचा. इतकी वर्षं माझ्याशी भांडून, एक वाक्य सोबत घेऊन गेलात. आणि राग आला की लगेच लाज वाटते, कारण मला भांडता येतं तेही तुमच्यामुळंच. तुम्ही मला कधी गप्प बस म्हणाला नाहीत. आपल्या लोकांत भाच्याला मामापुढं इतकं बोलू देणारा माणूस मी दुसरा पाहिला नाही.

मला भीती त्या फोनची वाटते. शिवाच्या पोरांची वाटते. पण सगळ्यांत मोठी भीती वेगळी आहे, ती मी शिवाला बोलून दाखवली नाही. तो तिथं जाईल, वकील फाळक्याचं विचारेल, आणि तुमचा मुलगा असल्यामुळं तो ‘हाय’ म्हणेल आणि खाली उतरेल. तो म्होरक्या पुन्हा हसेल.

एवढं लिहून मी थांबलो होतो. पुढं काय लिहावं ते कळत नव्हतं. आज पुन्हा बसलो आहे, कारण मध्यंतरी एक गोष्ट घडली आणि ती तुम्हाला सांगायलाच हवी. तुम्ही असतात तर ती घडलीच नसती, हेही सांगायला हवं.

पाहुणे आपापल्या गावी गेले होते. दुपार होती. मामी सुपात तूर निवडत होती. शिवा बाजेवर बसला, तुमच्याच, आणि म्हणाला, ‘मी न्हाई जात. त्या बाईला कळवून टाक दादा. मी फाळका लावला. माझ्यावर हाय. बाप घोंगडीवरून उतरला, मी बी उतरतो. त्येच बरोबर हाय.’

मला हायसं वाटलं, मामा. खरं सांगतो. पोरं वाचली, फोन थांबतील, असं आधी मनात आलं. मग सालू आठवली.

मामीचा हात सुपात थांबला.

‘त्या दिवशी मी देवळामागं बायांत उभी व्हते,’ ती म्हणाली.

आम्हाला आधी कळलंच नाही ती कोणत्या दिवसाचं बोलते आहे.

‘त्यो केरबा उठला आन माझा मार सांगितला. पाठ माझी, कासऱ्याचे वळ माझे, आन बोलून राह्यला त्यो. तुझा बाप खाली उतरला. समदे म्हनले, काय खरा मानूस हाय, देवमानूस. मला कुनी इचारलं?’

‘काय विचारायचं होतं मामी?’ मी म्हणालो.

‘शिकलास आन येवढं कळंना व्हय रे तुला? की बाई, मार तू खाल्ला, तुझं काय म्हननं हाय. मी सांगितलं असतं. म्हनले असते, बसा. माझा हिशेब मी घरी करीन, रोज करीन, सोडनार न्हाई. पर ती पोरगी कान धरून उभी हाय समोर, आधी तिचं बघा. बसा म्हनले असते मी.’

रीतीत बाईनंही बोलावं असं आहे. ते मी कितीदा तरी लोकांना सांगितलंय. कुठली बाई कधी बोलली, हे मला त्या क्षणापर्यंत आठवून पाहावंसं वाटलं नव्हतं.

‘हे तुम्ही मामांना कधी सांगितलं नाही?’

‘ते उतरले आन घरी येऊन जेवले न्हाईत. माझ्या पाया पडले. तवा कसं सांगू? त्यांना वाटलं माझं फिटलं. माझं काय फिटलं? माझ्या नावानं सालू गेली.’

मामा, हे तुम्हाला माहीत नव्हतं. तुम्ही खरेपणानं जे केलंत, ते तिच्या पाठीवर आणखी एक ओझं होऊन बसलं होतं, आणि ते घेऊन ती तुमच्यासोबत इतकी वर्षं राहिली, तुमच्या भाकरी थापल्या, तुम्ही गेल्यावर कोंबड्या हाकलल्या. हे मी तुम्हाला दुखवायला लिहीत नाही. पण तुमच्यापासून मी आजवर काही लपवलं नाही.

शिवा खाली मान घालून बसला होता. ‘तुझं येगळं हाय आये,’ तो म्हणाला. ‘तू जिती हाय, बोलून राह्यली. ती बाई कुठं हाय, जिचं लेकरू...’

‘न्हाई ना ती. म्हनून तर. ती असती तर काय म्हनली असती? शिवानं फाळका लावला म्हनून त्याला सोडून द्या, असं म्हनली असती?’

शिवा बाजेची दोरी चाचपत राहिला.

‘बोल की.’

‘न्हाई.’

‘मंग?’

‘वकील इचारील आये. समद्यांसमोर. काय सांगू?’

‘हो म्हन. लावला म्हन. आन तिथंच बस. उठून येऊ नको.’

एवढं बोलून ती पुन्हा तूर निवडायला लागली. शिवा बाजेवरून उठला आणि त्यानं मला कोर्टाच्या त्या बाईला फोन लावून द्यायला सांगितलं.

कागदपत्रं झाली आणि तो आज सकाळी गेला. मी जालना स्टेशनवर सोडायला गेलो होतो. फलाटावर दोन अनोळखी माणसं आमच्याकडं पाहत होती असं मला वाटलं, आणि मी त्यांच्याकडं इतका वेळ पाहत राहिलो की गाडी सुटताना हात करायचा राहिला. ती माणसं पानाच्या पिंका टाकून निघून गेली. साधीच माणसं असतील ती, कुणाला तरी सोडायला आलेली. मला आता माणसं ओळखता येत नाहीत.

तुमचा प्रश्न मी सोडलेला नाही. ज्यांनी हत्यारं पाठवली, ज्यांनी तो हुकूम दिला, त्यांना घोंगडीच्या काठाशी कोण उभं करणार, हे मी वर्गात विचारणार आहे. उत्तर नसलं तरी विचारणार आहे. पोरं म्हणतील, सर, हे परीक्षेत येतं का. सांगेन, माझ्या मामाच्या परीक्षेत येतं.

संध्याकाळी वाडीवर गेलो. मामीनं भाकरी वाढली. मी घास तोंडात घालत नाही हे पाहून ती समोर बसली.

‘का रे,’ तिनं विचारलं, ‘तिथं साक्ष देनाऱ्याला बसायला देत्यात का उभंच ठिवत्यात?’

‘देतात मामी,’ मी म्हणालो. ‘खुर्ची असते.’

‘मंग बरं.’

खरं म्हणजे मला माहीत नाही, मामा.